सुटे ठोके

सोलापुरात एखाद्याला अष्टपैलू म्हणाले की समजावं, आठ जणांचं काम त्याच्या गळ्यात पडणार आणि चहा मात्र एकच कप येणार. मला गेली पस्तीस वर्षं लोक अष्टपैलू म्हणतात. ढोलकी, ढोलक, तबला, हलगी, संबळ, दिमडी, पॅड, शिवाय एक ड्रमसेट, ज्याचा एक पाय मोडलाय आणि तिथं मी वीट लावतो, एवढं सगळं मी वाजवतो. आमच्या गल्लीत तबल्याचा क्लास घेणारे एक मास्तर आहेत. त्यांचं मत असं, की ज्याला इतकी वाद्यं येतात त्याला एकही धड येत नसणार. मास्तरांना एकच वाद्य येतं, तेही क्लासच्या वेळेत.

या धंद्यात मी कलेच्या ओढीनं वगैरे आलो नाही. वडील मागावर कामाला होते आणि मीही मागावरच जाणार होतो. तेवढ्यात आमच्या भागातल्या लग्नाच्या बँडमधला साइड ड्रमवाला नोकरी सोडून गेला. त्याचा लाल कोट शिल्लक राहिला. नवा कोट शिवायचा खर्च नको म्हणून बँडवाल्यानं ठरवलं, ज्याला हा बसेल तो घ्यायचा. आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो. बाकीच्या तिघांना थोडंफार वाजवता येत होतं. कोट मला बसला. वाजवायला मी नंतर वरातीत चालता चालता शिकलो, आणि सुरुवातीच्या दहा-बारा नवरदेवांनी ते सोसलं.

पुढं बँड सुटला आणि रेकॉर्डिंगची कामं मिळायला लागली. म्हणजे गाणं दुसऱ्याचं, नाव तिसऱ्याचं, फोटो पैसे घालणाऱ्याचा, आणि मागं जे वाजतं ते माझं. शहराच्या पूर्व भागात एका बोळात स्टुडिओ होता. त्याचा मालक आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. लोकांनी टेप दुरुस्तीला आणणं सोडल्यावर दुकानात पडून राहिलेल्या सामानातून त्यानं हा स्टुडिओ उभा केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरी ठोकल्या होत्या, त्याही विणताना चुकलेल्या, कारखान्यातून स्वस्तात आणलेल्या. माझ्या बसायच्या जागेसमोरच्या चादरीवर मोराला तीन पाय होते. बाहेरून येणाऱ्या गायकांना ते डिझाइन वाटायचं.

स्टुडिओच्या भिंतीला भिंत लावून मागांचा कारखाना होता. बारा माग दिवसभर खटाखट खटाखट चालायचे. चादरीच काय, गाद्या ठोकल्या असत्या तरी तो आवाज अडला नसता. मग मालकानं एक युक्ती काढली आणि आयुष्यात एवढी एकच त्याला स्वतःला सुचली. लोडशेडिंग सुरू झालं की माग बंद पडायचे. तेवढ्या वेळात तो बॅटरीवर मशीन लावायचा आणि आम्ही रेकॉर्डिंग करायचो. सगळा जिल्हा लाइट गेली की शिव्या द्यायचा, आम्ही मात्र उठून बोटं मोकळी करायला लागायचो. लोडशेडिंगचं वेळापत्रक दाराशेजारी पंचांगासारखं टांगलेलं असायचं. बॅटरी चाळीस मिनिटं चालायची. पंखा लावायचा नाही, कारण त्याचा आवाज येतो आणि तो बॅटरीही खातो. सोलापूरचा मे महिना, बंद खोली, अंगात बनियन घालून गायक देवाला आळवतोय आणि मी घामानं निसटणाऱ्या हातांनी ढोलकी धरून बसलोय, अशी आमची भक्तिगीतं जन्माला आली. कुठं सूर गेला, शब्द अडखळला, तर मालक काचेतून हात हलवायचा. "जाऊ द्या, देवाला चालतंय," म्हणायचा.

देव बरेच होते आणि त्यांच्या भाषाही बऱ्याच. अक्कलकोटकडचे लोक कानडी पदं घेऊन यायचे, कारखान्यांतले लोक तेलुगू गाणी आणायचे, उरुसाच्या आधी कव्वालीवाले यायचे, निवडणुकीच्या आधी उमेदवारांची माणसं यायची. मी वाजवायला लागलो की अक्कलकोटकडचे म्हणायचे, "स्वल्प जोर होडिरी." तेलुगू मंडळी म्हणायची, "इंका कोंचेम गट्टिगा." कव्वालीवाले म्हणायचे, "मियाँ, जरा दबाके बजाव ना." उमेदवाराचा माणूस म्हणायचा, "जरा जोरात हाणा की." अशा रीतीनं मला चार भाषा येतात आणि चारही भाषांत एकच वाक्य येतं.

कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह, असं सगळं माझ्या समोरून गेलं. सीडीच्या कव्हरवर मधोमध गॉगल लावलेला गायक असायचा. त्याच्याभोवती पैसे घालणारे, त्यांचे बंधू, त्यांचा लहान नातू, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत देव. वाजवणाऱ्यांसाठी खाली एक ओळ असायची, 'संगीत साथ : स्टुडिओ'. त्या नातवाला मी नंतर एका लग्नात पाहिलं, चांगला दाढीमिशीचा झाला होता. त्याच्या कपाळावर मात्र मला अजून ती सीडी दिसत होती.

तरी मी खुशीत होतो. खोटं कशाला बोलू? लाइट गेली की मालकाचा फोन यायचा आणि मी सायकलवर ढोलकी बांधून निघायचो. सोलापुरात आपल्याशिवाय कुणाचं गाणं पुरं होत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी मालकानं नवा कॉम्प्युटर घेतला. त्याला हार घातला, उदबत्ती लावली आणि मला बोलावून म्हणाला, "तीन दिवस दुपारी ये. सगळी वाद्यं घिऊन ये. गाणं न्हाय, एकेक ठोका द्यायचा."

"नुसते ठोके?"

"सॅम्पल म्हणत्यात. एक ठोका हळू, एक मधला, एक जोरात. तुझा हात कॉम्प्युटरमदी कायमचा राहतोय बघ, लेका."

कायमचा म्हटल्यावर मला काय भरतं आलं! घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती शेंगांची चटणी करून दुकानांत देते. तिचा हिशेब साधा असतो.

"कुणाचं गाणं हाय?" तिनं विचारलं.

"गाणं न्हाय. नुसते ठोके. सॅम्पल म्हणत्यात त्याला. म्हंजी नमुना."

"गाण्याबिगर ठोके कोण ऐकतंय?"

"तुला न्हाय कळायचं."

तिला सगळं कळलं होतं, मलाच कळलं नव्हतं. मी तीन दुपारी गेलो. वाद्यं आदल्या रात्री स्वरात लावून ठेवली. हलगी तर कागदं पेटवून अशी शेकली की बोट लावलं तरी वाजेल. ढोलकीची शाई, बाया, कडा, तबल्याचा एकेक बोल, दिमडीवर बोटं, संबळाची दोन्ही अंगं. एकेक ठोका मारायचा आणि त्याचा आवाज पार विरून जाईपर्यंत श्वास रोखून बसायचं. मालकाला तीन पाहिजे असायचे, मी चार द्यायचो. एखादा मनासारखा नाही आला तर मीच म्हणायचो, पुन्हा घे. मालक हेडफोन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "वा! माइक भारी हाय."

तिसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटचा ठोका हलगीचा होता, पूर्ण जोराचा. मी हात उचलून मारला आणि नेमकी त्याच क्षणी लाइट आली. शेजारच्या कारखान्यात कुणाचं तरी मागाचं बटण चालूच राहिलं होतं. त्या मागाचा पहिला 'खट' माझ्या ठोक्याच्या पाठीला येऊन चिकटला. मी म्हणालो, पुन्हा घेऊ. मालकानं ऐकलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. वजन आलंय."

शेवटी माझा सत्कार झाला. नारळ आणि टॉवेल. आमच्याकडं सत्काराला टॉवेल देतात. शाल द्यायला थंडी लागते, ती सोलापुरात कुठून आणायची? मी तो टॉवेल खांद्यावर टाकून घरी आलो, तशी बायको म्हणाली, "म्या नमुना देते तवा चमचाभर चटणी देते. तुमी बरणीच देऊन आलाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पुढचे दोन महिने मालकाचा फोन आला नाही. मी फोन केला की म्हणायचा, "सध्या मंदी हाय." मंदी होती खरी, पण ती माझ्यापुरतीच होती. गाणी तर ढीगभर येत होती. आधी मला वाटलं, दुसरा कुणी वाजवणारा आलाय. मग गड्ड्याच्या जत्रेत एका पाळण्यापाशी उभा होतो, तिथं एक गाणं लागलं आणि त्यातली ढोलकी ऐकून मी कान टवकारले. ठोका माझा होता, पण ठेका माझा नव्हता. माझे ठोके कुणीतरी दाण्यांसारखे निवडून हवे तसे मांडले होते. मी जे कधीच वाजवलं नव्हतं ते मी तिथं वाजवत होतो, तेही न थकता, घाम न येता.

मालकाचा पेन ड्राइव्ह कुणाकुणाकडं गेला ते त्यालाच माहीत. वर्षभरात मी जिल्हाभर वाजू लागलो. भाजीबाजारातल्या देवळात मी, क्लासच्या जाहिरातीच्या रिक्षात मी, वरातीच्या गाडीत मी. सकाळी आमच्या गल्लीत घंटागाडी यायची तीही माझ्या ढोलकीवर. बायको आतून हाक मारायची, "अवो, तुमी आलाय. बादली द्या बाहेर." शेजारणी हसायच्या. मीही हसायचो, आणि आतून पेटलेला असायचो. मला वाजवायचं होतं हो. एवढंच होतं. माझ्या आवाजाला काम होतं आणि मी घरात बसून चटणीच्या पाकिटांना स्टेपल मारत होतो.

अशी वर्षं गेली. अधेमधे शाळांचं गॅदरिंग, एखादं लग्न, एखादं भजन. मग गेल्या वर्षी वारं फिरलं. आमच्या जिल्ह्यातल्या एका गायकाचं देवीचं गाणं तुफान चाललं. ज्या जत्रेत जाल तिथं तेच. त्याच्या सुरुवातीला हलगी आहे आणि दर चार ठोक्यांनंतर एक जोराचा ठोका येतो. ठोका आणि मागोमाग 'खट'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बायकोला हाताला धरून बाहेर आणलं. "ऐक, ऐक! माग!" तिला काही कळेना. तो कारखाना एव्हाना बंद पडला होता, माग भंगारात गेले होते, तिथं गाड्या लावायची जागा झाली होती. एका मागाचा एक खट तेवढा राहिला होता आणि तो माझ्या पाठीवर बसून गावोगाव फिरत होता.

आता त्या गायकाला जत्रांचे कार्यक्रम मिळाले. लोक म्हणायला लागले, लॅपटॉपवर काय गाता, माणसं बसवा. मंचावर वाजवणारी खरी माणसं दिसली पाहिजेत, अशी नवी फॅशन आली. गायकाला हलगीवाला पाहिजे होता, अख्ख्या हंगामासाठी. मला निरोप मिळाला आणि मी सत्तावन्नाव्या वर्षी ट्रायल द्यायला निघालो. सकाळपासून मला जेवण गेलं नाही. हे काम मिळालं तर मी पुन्हा वाजवणारा, नाहीतर स्टेपलवाला. मधलं काही नव्हतं.

गायकाचा नवा बंगला होता. खालच्या हॉलमध्ये तो सोफ्यावर बसला होता. शेजारी लॅपटॉप घेऊन केसांचा बुचडा बांधलेला एक माणूस होता, त्याला सगळे अरेंजर म्हणत होते. गाणं लावलं, हलगीचा भाग बंद केला आणि मला म्हणाले, वाजवा. मी वाजवलं. बऱ्याच वर्षांनी हलगी अशी अंगावर घेतली होती. मला तरी वाटलं, छान झालं.

गायक म्हणाला, "मामा, हात चांगला हाय तुमचा. पण रेकॉर्डसारखं येत न्हाय."

"म्हंजी कसं?"

"त्यात बगा, ठोक्याच्या मागनं एक खट येतोय. ती तर मजा हाय गाण्याची. पब्लिक त्याच्यावरच नाचतंय. तुमच्यात तो खट न्हाय."

मी हलगी मांडीवर ठेवली. "दादा," मी म्हणालो, "त्या रेकॉर्डातली हलगी माझीच हाय. आणि तो खट मागाचा हाय. लाइट आलती तवा."

गायकानं माझ्याकडं ज्या मायेनं पाहिलं ना, त्या मायेनं माणूस फक्त वेड्याकडं पाहतो. "मामा," तो म्हणाला, "तुमच्या आधी तिघं येऊन गेले. तिघंबी हेच म्हणाले, माझीच हलगी हाय. एक तर रडला बी."

अरेंजरनं लॅपटॉपवरून मान वर केली. "हे फॉरेनचं सॅम्पल आहे. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आपल्याकडं होतंय का?"

तीन पायांच्या मोरासमोर, लोडशेडिंगमध्ये, बनियनवर केलेलं रेकॉर्डिंग परदेशी ठरलं. माझी छाती फुगावी की फुटावी ते मला कळेना. गायक मोठ्या मनाचा होता. "असं करा," म्हणाला, "घरी रेकॉर्ड नीट ऐका. सराव करा. चार दिवसांनी परत या."

मी सरळ स्टुडिओवर गेलो. मालक आता लग्नांचे व्हिडिओ करतो. चादरी जाऊन भिंतींना काळा फोम आला आहे. मी म्हणालो, "गायकाला एक फोन कर. सांग, ते ठोके माझे हायत."

"कंचे ठोके?"

"सॅम्पल. तीन दिवस येऊन दिलते ते."

त्यानं डोकं खाजवलं. नाटक करत नव्हता, ते मला त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो खरोखर विसरला होता. "ते व्हय? ते कॉम्प्युटरसंगट आलतं रे. कंपनीचं हाय."

मला त्याला एक कंपनीचीच ठेवून द्यावीशी वाटली. पण चिडून उपयोग नव्हता. मी म्हणालो, जुनं काढ. त्यानं कॉम्प्युटरमध्ये शोधलं. 'जुने', 'जुने नवीन', 'फायनल', 'फायनल खरं' असं करत करत एका खणात मूळ रेकॉर्डिंग सापडलं, न कापलेलं. त्यानं हलगीचं लावलं. एक ठोका. शांतता. दुसरा ठोका. शांतता. मग शेवटचा, खट घेऊन आलेला. आणि त्याच्या मागोमाग एक आवाज, "पुन्ना घेऊ का? ह्याच्यापेक्षा चांगला देतो. घे की एक."

माझा आवाज. चौदा वर्षांपूर्वीचा. किती लाडात आलेला, किती हौशी! जत्रेत पोरानं अजून एक चक्कर मारू म्हणावं तसा. मला त्या माणसाची लाज वाटली आणि लगेच त्याची दयाही आली.

मालक खो खो हसला. "आरं, तूच की! व्हय की, तूच! टॉवेल दिलता की तुला." आणि हसता हसता त्यानं माउस फिरवला, माझा आवाज तेवढा निवडला आणि उडवला. "बरं झालं आलास," तो म्हणाला. "लई दिवस तितं मागं कायतरी बोलल्यावाणी ऐकू यायचं. आता साफ झालं."

"आरं, ते मला पाहिजे होतं! तोच तर पुरावा व्हता!"

"सेव्ह झालं की," तो म्हणाला, आणि खरोखर वाईट वाटून त्यानं चहा मागवला. फोनचं म्हणाल तर गायकाशी त्याचं जुनं भांडण होतं, त्यामुळं तो फोन करणार नव्हता. चहा पिऊन मी घरी आलो.

चार दिवस मी सराव केला. स्वतःचीच नक्कल करायची म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत, आणि असा दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. मोबाइलवर गाणं लावायचं, ऐकायचं, वाजवायचं. हलगीला लोखंडी कडं असतं. ठोका मारल्याबरोबर दुसऱ्या काडीनं त्या कड्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारली की खट येतो, हे मला दुसऱ्या दिवशी सापडलं. बायको स्वयंपाकघरात शेंगा भाजत होती. मी विचारलं, "फरक कळतोय का?"

"कळतोय की," ती म्हणाली. "त्यो खुशीत वाजवतोय. तुमी रागानं वाजवताय."

चौथ्या दिवशी मी पुन्हा बंगल्यावर गेलो. खट मला जमत होता. पण गाणं सुरू झालं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, का म्हणून? मी टिचकी मारलीच नाही. हात जसा आज चालतो तसा चालवला, अख्खं गाणं.

गायक म्हणाला, "छान वाजवलं मामा. पण रेकॉर्डसारखं न्हाय."

"रेकॉर्डमदला माणूस माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी ल्हान हाय," मी म्हणालो. "त्यालाच बोलवा की मग."

हे मी तोडून बोललो होतो. पण गायक एकदम सरसावून बसला. अरेंजरनंही लॅपटॉप बाजूला ठेवला.

"तुमी वळखता त्याला?" गायकानं विचारलं. "नंबर हाय का त्याचा?"

मी म्हणालो, "हाय की. घ्या." मी दहा आकडे सांगितले, सावकाश, एकेक. अरेंजरनं ते मोबाइलवर दाबले आणि फोन गायकाच्या हातात दिला.

माझ्या खिशात वाजायला लागलं. मी फोन काढला, कानाला लावला. आम्ही दोघं पाच-सहा हातांवर समोरासमोर होतो.

"बोला," मी म्हणालो.

गायकानं एकदा त्याच्या फोनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. फोन बंद करायचंही त्याला सुचलं नाही. कानाला तसाच धरून तो म्हणाला, "आवो, मग आधी सांगायचं की!"

"आधीच सांगितलं हुतं."

अरेंजर हसायला लागला, मग गायक, मग मीही. नाही हसून काय करता? हसणं संपल्यावर गायकानं फोन खिशात घातला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, हंगाम तुमचा," तो म्हणाला. "फकस्त ते रेकॉर्डसारखं तेवढं जमवा. पब्लिकला त्येच पाहिजे."

तर आता मी वाजवतो. हंगाम जोरात आहे, मंचावर माझ्या नावाची नाही पण माझ्यासाठीची खुर्ची आहे, आणि तिच्यावर मी गायकाच्या पाठीमागे न बसता शेजारी बसतो. रोज दुपारी मोबाइलवर त्या रेकॉर्डमधल्या माणसाला ऐकतो. मला वाटलं होतं, आपलंच तर आहे, दोन दिवसांत येईल. खट आला. तो बनवता येतो. त्याच्या आधीचा ठोका येत नाही. गाणं नाही, गायक नाही, ऐकायला कुणी नाही, नुसता एक सुटा ठोका द्यायचाय, आणि तो माणूस त्यात सगळा जीव ओततोय. खांदा मोकळा, मनगट मोकळं. माझा खांदा आता दुखतो, पण ते निमित्त झालं. खांदा बरा असता तरी मला तो ठोका आला नसता.

मागच्या आठवड्यात नातेपुत्याकडं एका जत्रेत कार्यक्रम झाला. सायंकाळी मंचावरून उतरताना गायक खुश होऊन म्हणाला, "मामा, आज अगदी जवळजवळ तसंच आलं." मी मान डोलावली. बायकोनं घरी विचारलं, तिलाही मी हेच सांगितलं, जवळजवळ. खरं सांगायचं तर तो रेकॉर्डमधला माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा, आणि तेव्हा हे त्याला कुणी सांगितलं नाही.